हेर ठरवलेला कॅप्टन



कन्हानकाठची आपली छावणी 1821 सालची. वर्गात फौजींची मुले बरीच. त्यामुळे ‘हेर’ हा शब्द आपल्याला नुसता सिनेमातला नव्हता. 1983 मध्ये निवृत्त मेजर जनरल फ्रँक लार्किन्स आणि त्यांचे भाऊ, निवृत्त एअर व्हाइस मार्शल केनेथ लार्किन्स, सोव्हिएत शस्त्रांची माहितीपुस्तके अमेरिकेला पुरवल्यावरून पकडले गेले. पुढे शिक्षाही झाली. केनेथनी ज्यांच्याकडे कागद मागितले, त्या ग्रुप कॅप्टन जसजित सिंगांनीच वर कळवले होते. गोरा बाजारात तेव्हा दुसरा विषय नव्हता.

लार्किन्स बंधू सगळ्यांच्या लक्षात आहेत. मला सांगायचे आहे ते पाच वर्षांनंतरचे, मुंबईचे प्रकरण.

नौदलातले कॅप्टन बी. के. सुब्बाराव अणुपाणबुडीच्या प्रकल्पाशी संबंधित होते. भाभा अणुसंशोधन केंद्राने त्यासाठी केलेला अणुभट्टीचा आराखडा त्यांना पटला नाही आणि तसे त्यांनी स्पष्ट सांगितले. (वरिष्ठांना तोंडावर ‘हे चालणार नाही’ म्हणणारा माणूस कुठल्याच खात्यात फार आवडता नसतो.) पवईच्या आयआयटीतून त्यांनी डॉक्टरेट मिळवली, मग नौदलातून निवृत्त झाले. 30 मे 1988 रोजी अमेरिकेला निघालेल्या सुब्बारावांना सहार विमानतळावर अडवले. बॅगेतले कागद देशाची गुपिते आहेत, असे सरकारचे म्हणणे. त्या कागदांत त्यांचा स्वतःचा पीएचडीचा प्रबंध होता! ज्या प्रबंधावर विद्यापीठाच्या तोडीच्या संस्थेने पदवी दिली, तो गुपित कसा? पण शासकीय गुपिते कायदा आणि अणुऊर्जा कायदा लागला की ‘गुपित’ हा शब्दच पुरावा होऊन बसतो. जामीन मिळेना. वीस महिने ते तुरुंगात होते.

तिथे त्यांनी कायद्याची पुस्तके वाचली आणि स्वतःचा खटला स्वतः चालवला. सत्र न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. सरकार अपिलात गेले. मुंबई उच्च न्यायालयानेही सुब्बारावांच्याच बाजूने निकाल दिला.

अटकेची बातमी आपल्याकडे पोचायला एक दिवस लागला. सुटल्याची मला बऱ्याच वर्षांनी, तीही एका वकील मित्राकडून कळली. तोपर्यंत सुब्बारावांनी काळा कोट चढवला होता आणि त्याच उच्च न्यायालयात ते वकिली करत होते.