निर्बंधांच्या कुंपणातून मदत जाते कशी?

१/ २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले. चारच दिवसांत सुरक्षा परिषदेने ठराव ६६१ द्वारे इराकचा जवळजवळ सारा व्यापार रोखला. औषधे वगळली गेली. अन्नाला मात्र ‘मानवतावादी परिस्थिती’ असेल तरच मुभा होती.

२/ तशी परिस्थिती आहे की नाही, हे परिषदेची समिती ठरवी. निर्णय सर्वसहमतीने होत. एका सदस्याचा आक्षेपही पुरेसा असे. पाणी शुद्ध करणारा क्लोरीनसुद्धा लष्करी वापराच्या संशयाने अडकून पडे.

३/ १९९५ च्या ठराव ९८६ ने ‘तेलाच्या बदल्यात अन्न’ योजना आखली. तिचे पहिले धान्य इराकमध्ये पोहोचले ते मार्च १९९७ मध्ये.

४/ पुढे अन्य देशांत निराळी अडचण उभी राहिली. सूट असूनही बँका दंडाच्या धास्तीने मदतसंस्थांचे पैसे पाठवीनात.

५/ अखेर ९ डिसेंबर २०२२ रोजी ठराव २६६४ ने संयुक्त राष्ट्रांच्या मालमत्ता गोठवणाऱ्या निर्बंधांतून मदतकार्याला सरसकट सूट दिली. बाजूने १४ मते. भारत एकटा तटस्थ. दहशतवादी गट या सवलतीचा गैरफायदा घेतील, ही भारताची चिंता होती.

६/ पूर्वी अनेकदा खेपेगणिक परवानगी मागावी लागे. आता सूट हाच नियम झाला. मात्र एखाद्या राष्ट्राने स्वतंत्रपणे लादलेले निर्बंध या ठरावाच्या कक्षेबाहेरच आहेत.