इंडोनेशियात व्हायरल कोण होतं आणि त्याची किंमत कोण मोजतं?

लांबलचक होडीच्या टोकावर उभा राहून संथपणे हात फिरवत नाचणारा, काळा चष्मा लावलेला मुलगा २०२५ मध्ये तुमच्याही मोबाइलवर आला असेल. तो व्हिडिओ सुमात्रा बेटावरच्या रियाउ प्रांतातल्या ‘पाचू जालूर’ या होड्यांच्या शर्यतीचा. मुलगा तेव्हा ११ वर्षांचा होता. परदेशातले नामांकित खेळाडूही त्याची नक्कल करू लागले आणि प्रांताच्या सरकारने त्याला पर्यटनदूत केलं. राजधानी जकार्तापासून इतक्या दूरच्या मुलाला प्रसिद्धीसाठी ना निर्माता लागला, ना वाहिनी.

आधी काय होतं?

सरकारी वाहिनी टीव्हीआरआय १९६२ मध्ये सुरू झाली, तर पहिली खासगी वाहिनी आरसीटीआय १९८९ मध्ये. त्यानंतर ‘सिनेत्रोन’ म्हणजे टीव्ही मालिका घराघरांत पोहोचल्या. त्यातली बहुतेक घरं, माणसं आणि बोली जकार्ताचीच असे.

बदल कसा झाला?

२०११ मध्ये सुलावेसी बेटावरच्या गोरोंतालोत नॉर्मन कामारू या पोलिसाचा एक व्हिडिओ यूट्यूबवर गाजला. गणवेशात, ड्यूटीवर असताना तो ‘छैंया छैंया’ या हिंदी गाण्यावर ओठ हलवत होता. तो रातोरात स्टार झाला, टीव्हीने त्याला डोक्यावर घेतलं. पण त्याच वर्षाच्या अखेरीस त्याची पोलिसातली नोकरी गेली.

२०२० च्या ऑगस्टमध्ये ‘तिलिक’ हा लघुपट यूट्यूबवर आला. जावानीज भाषेत तिलिक म्हणजे आजारी माणसाला भेटायला जाणं. ट्रकमध्ये उभ्या राहून रुग्णालयात निघालेल्या गावातल्या बायका, त्यांच्या गप्पा आणि गावातल्या एका तरुणीविषयीच्या कुजबुजी एवढंच कथानक. संवाद जावानीजमध्ये असूनही देशभर तो पाहिला गेला. त्यातली तोंडाळ ‘बू तेजो’ मीम्समधून घरोघरी पोहोचली.

मग अडचण कुठे आहे?

भारतात २०२० पासून बंद असलेलं टिकटॉक इंडोनेशियात जोरात चालतं. लाइव्ह सुरू असताना प्रेक्षक ‘गिफ्ट’ पाठवतात आणि त्याचे पैसे होतात. २०२३ च्या जानेवारीत लोम्बोक बेटावरच्या वृद्ध महिला तासन्‌तास अंगावर चिखलाचं पाणी ओतून घेताना लाइव्हवर दिसल्या. त्यावर संताप उसळला. वृद्ध, मुलं आणि दिव्यांग यांना पुढे करून भीक मागण्याचे प्रकार रोखा, असं परिपत्रक सामाजिक व्यवहार मंत्रालयाने काढलं.

नियम कोण करतं?

२००२ च्या प्रसारण कायद्यानुसार टीव्ही आणि रेडिओवर ‘केपीआय’ हा आयोग लक्ष ठेवतो. इंटरनेटवरचे व्हिडिओही याच कायद्याखाली आणा, अशी याचिका आरसीटीआय आणि आयन्यूज या वाहिन्यांनी केली होती. घटनात्मक न्यायालयाने ती २०२१ मध्ये फेटाळली. २०२४ मध्ये आयोगाचा अधिकार डिजिटल मजकुरापर्यंत वाढवू पाहणारा मसुदा आला. शोध पत्रकारितेच्या प्रसारणावर त्यात बंधनं होती, म्हणून पत्रकार रस्त्यावर उतरले.

पेच इथेच आहे. नियम कडक केले तर पुढची ‘तिलिक’ अडू शकते आणि काहीच केलं नाही तर चिखलातल्या आजींची जबाबदारी कुणावरच राहत नाही. होडीवरचा मुलगा आणि त्या आजी एकाच पडद्यावर आल्या. मुलगा त्याच्या गावाची परंपरा जगत होता. आजींना तिथे बसवलं ते समोरून येणाऱ्या गिफ्टांनी. त्या गिफ्ट पाठवणारे प्रेक्षकच होते.