हवेतील चिवट रसायने मोजणारा नमुनासंग्राहक: नागरिकांसाठी माहिती

गच्चीवर तोंडाला तोंड करून टांगलेली स्टीलची दोन वाडगी दिसली तर घाबरू नये. तो हवेचा नमुना घेणारा संग्राहक आहे. त्याला वीज, पंप काहीही लागत नाही.

काय मोजले जाते?

डीडीटी, एचसीएच, एन्डोसल्फान यांसारखी कीटकनाशके, जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातील पीसीबी इत्यादी. यांना ‘चिरस्थायी सेंद्रिय प्रदूषके’ म्हणतात. येथे ‘सेंद्रिय’ म्हणजे कार्बनयुक्त. सेंद्रिय शेतीशी याचा संबंध नाही. ही रसायने वर्षानुवर्षे टिकतात, वाऱ्याबरोबर दूर जातात आणि मासे, दूध, मांस यांच्या चरबीतून शरीरात साठतात. आईच्या दुधातही ती आढळतात, परंतु त्यासाठी स्तनपान थांबवू नये. बाळाला दुधाचा लाभ अधिक आहे.

मोजणी कशी होते?

वाडग्यांच्या आत फोमची गोल चकती असते. वाडग्यांमधील फटीतून हवा आत खेळते. ऊन-पाऊस चकतीपर्यंत पोहोचत नाही. दिवसाला साधारण 3 ते 4 घनमीटर हवेतील रसायने चकतीत शोषली जातात. सुमारे तीन महिन्यांनी ती प्रयोगशाळेत तपासतात. त्यामुळे आजची हवा कशी आहे हे यावरून कळत नाही, त्या काळाची सरासरी कळते.

डिसेंबर 2006 ते मार्च 2007 या काळात कोलकाता, मुंबई, गोवा, दिल्ली, चेन्नई, बंगळुरू व आग्रा येथे अशाच चकत्या लावून कीटकनाशके मोजली गेली. डीडीटीचा शेतीतील वापर 1989 मध्येच बंद झाला होता (हिवताप नियंत्रणासाठी मुभा होती), तरीही ते शहरांच्या हवेत सापडले. बंदी घातली की रसायन संपते असे नाही, हे तेव्हा आकड्यांत दिसले. भारताने या रसायनांविषयीचा स्टॉकहोम करार 13 जानेवारी 2006 रोजी मान्य केला आहे.

आपण काय करावे?

संग्राहकाला हात लावू नये, जागा बदलू नये. जवळ डासांचे औषध फवारल्यास किंवा कचरा जाळल्यास मोजणी बिघडते. तसे घडले असेल तर चकती बदलायला येणाऱ्यास तारखेसह सांगावे. लपवू नये, दंड होत नाही.

उज्ज्वला योजनेचा सिलिंडर संपल्यावर चूल पेटवावी लागली, तर प्लास्टिक किंवा वायरचे तुकडे वापरू नयेत. तांब्यासाठी वायर जाळताना निघणाऱ्या धुरात डायऑक्सिन असते. जुन्या ट्रान्सफॉर्मरचे तेल सांधेदुखीवर चोळू नये.