ठरलेली भैरवी, बदलती मैफल

शिरोळ – साठी-सत्तरी ओलांडलेल्या लोकप्रिय कलावंताने जाहीर कार्यक्रमात गाजलेलीच गाणी किती म्हणावीत आणि नवे किती द्यावे, हा वाद पाश्चात्त्य रॉक संगीताच्या जगात अनेक वर्षे रंगतो आहे. एका पक्षाच्या मते तिकीट काढून आलेल्या रसिकाला त्याची आवडती गाणी मिळालीच पाहिजेत. दुसऱ्या पक्षाच्या मते रोज तीच यादी वाचून दाखवणारा कलावंत स्वतःचाच नकलाकार होतो. हा वाद मात्र केवळ गिटारवाल्यांचा नाही. संगीत रंगभूमी, ख्यालगायनाची मैफल आणि भावगीतांचा कार्यक्रम या तिन्ही ठिकाणी महाराष्ट्राला त्याचा दीर्घ अनुभव आहे. त्याचा एक धागा थेट शिरोळ तालुक्यातील कुरुंदवाडपर्यंत पोहोचतो.

तिकीट आले, हक्क आला

पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील कीर्तनकार होते. बालपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली आणि शालेय शिक्षणाची वाट अडली. त्यानंतर कृष्णेपलीकडच्या मिरजेत पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे त्यांनी गायनाची तालीम घेतली. १८९६ मध्ये मिरज सोडून ते भ्रमंतीस निघाले. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. दरबाराबाहेरच्या अशा अगदी पहिल्या मैफलींत तिची गणना होते. पुढे ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली.

या तिकिटाने गायक आणि श्रोता यांचे नाते बदलले. दरबारात काय गायचे हे आश्रयदात्याच्या मर्जीवर अवलंबून असे. देवळात ते नित्योपचाराने ठरत असे. आजही नृसिंहवाडीत दत्ताच्या पालखीपुढे म्हटली जाणारी पदे परंपरेने ठरलेली आहेत आणि तेथे कोणी नावीन्याची अपेक्षा करीत नाही. पदरचे पैसे मोजून आलेला श्रोता मात्र फर्माईश करू लागला. आवडते तेच पुन्हा ऐकण्याचा आपल्याला हक्क आहे, असे त्याला वाटू लागले.

वन्समोअरची किंमत

हा हक्क सर्वाधिक बजावला गेला तो संगीत नाटकात. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'संगीत मानापमान' १९११ मध्ये रंगभूमीवर आले. त्याच्या पदांना चाली दिल्या होत्या गोविंदराव टेंबे यांनी. बालगंधर्वांच्या पदाला वन्समोअर मिळाला की तेच पद ते वेगळ्या आलापांनी, वेगळ्या जागा घेत पुन्हा रंगवीत. नाटकाचा प्रयोग त्यामुळे उत्तररात्रीपर्यंत, प्रसंगी पहाटेपर्यंत लांबे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी झालेल्या 'संयुक्त मानापमान'मध्ये बालगंधर्वांची भामिनी आणि कोल्हापूरच्या केशवराव भोसले यांचा धैर्यधर एकाच रंगमंचावर आले. त्या प्रयोगाची आठवण रसिकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली.

नाटकातील पदांची यादी संहितेने बांधलेली असते. त्यातील एकही पद गाळून दुसरे घालता येत नाही. तरीही एक प्रयोग दुसऱ्यासारखा होत नसे, कारण बदल यादीत नव्हे, तर गायनात होत असे. याची दुसरी बाजूही होती. गाण्यासाठी नाटक थांबे आणि कथा मागे पडे. संगीत नाटकावर पुढे जी टीका झाली, तिच्यातील मोठा भाग या लांबणीबद्दलचा होता. लोकप्रिय पदाची किंमत शेवटी नाटकाने मोजली.

छप्पन गीते आणि एक रात्र

भावसंगीतातील सर्वांत बोलके उदाहरण 'गीतरामायणा'चे आहे. ग. दि. माडगूळकर यांची छप्पन गीते १९५५-५६ या वर्षात पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला एक याप्रमाणे प्रसारित झाली. संगीत सुधीर फडके यांचे होते. त्यांचा जन्म २५ जुलै १९१९ रोजी कोल्हापूरचा. आकाशवाणीवर ही गीते वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायिली. रंगमंचावर मात्र फडके यांनी ती एकट्याने सादर केली आणि अखेरच्या काळापर्यंत त्याचे शेकडो कार्यक्रम केले. २९ जुलै २००२ रोजी त्यांचे निधन झाले.

येथे अडचण साध्या हिशेबाची होती. प्रत्येक गीताला सहा-सात मिनिटे धरली तरी छप्पन गीतांना सहा तास लागतात. एका रात्रीच्या कार्यक्रमात त्यांतील काही मोजकीच बसतात. संपूर्ण गीतरामायण ऐकवायचे तर ते अनेक रात्रींवर पसरावे लागते. शिवाय कथेचा क्रम उलटासुलटा करता येत नाही. लंकादहनानंतर स्वयंवर गाता येत नाही. त्यामुळे क्रम कायम आणि निवड बदलती, अशी रचना आपोआप तयार झाली. श्रोत्यांना हमखास हवी असणारी गीते ठेवायची आणि उरलेल्या जागेत कमी ऐकली गेलेली गीते आणायची, हा मार्ग गीतरामायणाचे कार्यक्रम करणारे आजचे गायकही अनुसरतात.

राग तोच, गाणे नवे

ख्यालगायनात प्रश्नाचे रूप वेगळे होते. पंडित भीमसेन जोशी (१९२२-२०११) यांच्यावर ते निवडकच राग गातात, अशी टीका होत असे. शुद्ध कल्याण, पूरिया, मारवा, मुलतानी, मियाँकी तोडी ही नावे त्यांच्या मैफलींत पुन्हा पुन्हा येत. परंतु ख्यालात बंदिशीच्या चार ओळी म्हणजे केवळ मांडणीचा पाया; तासाभराचे गायन त्या त्या वेळीच घडते. एकच राग पन्नास वेळा ऐकूनही श्रोते येत राहिले, ते यामुळे. अभंगांची मागणी वाढली तेव्हा त्यांनी 'संतवाणी' हा स्वतंत्र कार्यक्रमच उभा केला. त्यामुळे अभंगांसाठी आलेल्या श्रोत्याची निराशा टळली आणि रागसंगीताच्या मैफलीलाही तिची जागा राहिली.

पंडित कुमार गंधर्व (१९२४-१९९२) यांनी याच्या उलट टोकाची वाट धरली. बालवयात नामवंत गायकांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवणारा मुलगा म्हणून त्यांची ख्याती झाली होती. पुढे त्यांनी ती वाट सोडली आणि क्षयाच्या दीर्घ आजारातून उठल्यावर मैफलीचा आराखडाच बदलला. 'गीतवर्षा', 'गीतहेमंत', 'गीतवसंत', 'त्रिवेणी', 'मला उमजलेले बालगंधर्व' असे एका विषयाभोवती गुंफलेले कार्यक्रम त्यांनी केले. श्रोत्याला काय ऐकायला मिळणार हे नावावरूनच कळे. फर्माईशीचा प्रश्न असा बऱ्याच अंशी दारातच सुटे. पंडित मल्लिकार्जुन मन्सूर यांनी तर जयपूर घराण्याच्या अनवट रागांनाच मैफलीचा मुख्य भाग केले आणि श्रोत्यांनाही त्यांची सवय लावली.

रॉकमधील दोन टोके

रॉक संगीतात गाण्याची ध्वनिमुद्रित आवृत्ती हीच प्रमाण मानली जाते. त्यामुळे तेथे बदलाचा भार गायनावर कमी आणि यादीवर अधिक पडतो. १९६२ मध्ये स्थापन झालेला 'रोलिंग स्टोन्स' हा वाद्यवृंद एप्रिल २००३ मध्ये बंगळूर आणि मुंबईत येऊन गेला. गाजलेल्या गाण्यांचा गाभा कायम ठेवायचा आणि मोजक्या जागा बदलत्या ठेवायच्या, ही त्यांची पद्धत. अलीकडच्या दौऱ्यांत एखादे गाणे रसिकांच्या पसंतीवरही सोडले जाई. 'ग्रेटफुल डेड' (१९६५-१९९५) हे दुसरे टोक. त्यांची यादी रात्रीगणिक बदलत असे आणि त्यासाठीच चाहते गावोगावी त्यांच्यामागून फिरत. १५ डिसेंबर २०१९ रोजी नवी मुंबईत 'यू-टू'ने आपला १९८७ चा 'द जोशुआ ट्री' हा संपूर्ण संच वाजवला. ही रीत आपल्याकडील गीतरामायणाच्या जवळची आहे.

सांगलीत १९३३ मध्ये जन्मलेल्या आशा भोसले यांनी तिसरा मार्ग दाखवला. डिसेंबर २०२४ मध्ये दुबईतील कार्यक्रमात, वयाच्या ९१व्या वर्षी, त्यांनी आपल्या जुन्या गाण्यांबरोबर त्याच वर्षी गाजलेले दुसऱ्या गायकाचे चित्रपटगीत सादर केले. जुन्या गीतांनी आलेल्या श्रोत्याला त्यांनी काही कमी पडू दिले नाही आणि तरीही त्याला चकित केले.

दहाची मर्यादा

पूर्वी या वादाला एक नैसर्गिक तोडगा होता, तो म्हणजे रात्र. मैफल पहाटेपर्यंत चाले. फर्माईशीही पुऱ्या होत आणि गायकाच्या मनातलेही गाऊन होई. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत खुल्या जागी ध्वनिक्षेपकास बंदी आली. राज्य शासन वर्षातून कमाल पंधरा दिवस मध्यरात्री बारापर्यंत सवलत देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालाने या नियमांना बळ मिळाले. खुल्या मंडपातील रात्रभराच्या मैफली त्यामुळे आटोपत्या घ्याव्या लागल्या.

परिणामी कार्यक्रम अडीच-तीन तासांचा झाला. त्यात एक मोठा ख्याल, एखादी छोटी चीज, एक नाट्यपद आणि भैरवी एवढेच बसते. प्रत्येक फर्माईश आता दुसऱ्या कशाची तरी जागा घेते.

वयाचा हिशेब

ज्येष्ठ कलावंताच्या बाजूनेही काही व्यावहारिक कारणे असतात. वयाबरोबर आवाजाची पट्टी उतरते, दमसास कमी होतो. सवयीची गाणी खालच्या पट्टीत बसवून घेतलेली असतात. नव्या गाण्यासाठी ती मेहनत पुन्हा करावी लागते. साथीदारांची तालीम, मोठ्या कार्यक्रमांत प्रकाशयोजना आणि ध्वनिव्यवस्था यांचीही आखणी असते. शिवाय सभागृहातील काही श्रोते त्या कलावंताला आयुष्यात प्रथमच, आणि कदाचित अखेरचेच, ऐकत असतात. त्यांच्या दृष्टीने कोणतेही गाणे शिळे नसते. नव्याची मागणी बहुधा वरचेवर येणारे जाणकार करतात. त्यांची संख्या थोडी आणि आवाज मोठा असतो.

तथापि जाणकारांच्या मागणीत एक गंभीर मुद्दा आहे. मौखिक परंपरेत जे गायिले जात नाही ते विसरले जाते. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी मिरजेत वास्तव्य केले. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी प्रवासात त्यांचे निधन झाले आणि मिरजेतच त्यांचे दफन झाले. आज सामान्य श्रोत्याला ते आठवतात ते सुमारे तीन मिनिटांच्या तबकड्यांमुळे, विशेषतः झिंझोटीतील ठुमरी आणि भैरवी यांमुळे. त्यांच्या तासन्‌तास चालणाऱ्या मैफलींतील जे मुद्रित झाले नाही आणि शिष्यांच्या गळ्यातही उतरले नाही, ते परत मिळणारे नाही. ज्येष्ठ गायक दरवेळी तीच चार गाणी गातो, तेव्हा उरलेल्या चिजा त्याच्याबरोबर जाण्याचा धोका वाढतो.

मधला मार्ग

वरील सर्व उदाहरणांतून एक समान रीत दिसते. प्रारंभ आणि शेवट श्रोत्याच्या ओळखीचा ठेवावा, मधली जागा कलावंताने स्वतःकडे राखावी. चाल पक्की असलेल्या गीतप्रकारात यादी थोडी बदलावी. ज्या प्रकारात गायनच दरवेळी नव्याने घडते, तेथे यादी बदलली नाही तरी चालते. विशेष कार्यक्रम असेल तर त्याचे स्वरूप संयोजकांनी जाहिरातीतच स्पष्ट करावे, म्हणजे श्रोत्याची फसगत होत नाही. मिरजेत अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात होणाऱ्या संगीत सभेला आणि नवरात्रातील अंबाबाई मंदिराच्या संगीत महोत्सवाला शिरोळ तालुक्यातूनही रसिक जातात. तेथे आवडत्या भैरवीची चिठ्ठी पाठवणाऱ्या श्रोत्याने, त्याआधी गायकाला एखादी अनोळखी चीज गाऊ द्यावी. ती कोणी ऐकली, तरच उद्या तिचीही फर्माईश होईल.