मुंबईचा रोग भिवंडीला लागला का?

मोठ्या शहराची घाण, गुन्हेगारी आणि दंगे हळूहळू त्याच्या उपनगरांत शिरतात, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. मुंबई बिघडली आणि मग मुंब्रा-भिवंडीही बिघडली, हे मी स्टाफरूममध्ये कितीदा तरी ऐकले आहे. बोलणाऱ्याचा रोख कुणाकडे असतो ते त्यालाही कळते, मलाही. म्हणून इतिहास तपासायला हवा.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप सुरू केला. पुढे गिरणगाव संपले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण मुंबईचे माग थांबले तरी बाजारातले कापड थांबले नाही. ते भिवंडीतून येऊ लागले. कित्येक गिरणी मालकांनी भिवंडीच्या यंत्रमागांवर कापड विणून घेतले आणि त्यावर आपल्या गिरणीचा शिक्का मारून विकले. मुंबईची पडझड आणि भिवंडीची भरभराट हा एकच व्यवहार होता.

भरभराट अर्थात माग चालवणाऱ्याची नव्हे. भिवंडीतले विणकर काही मुंबईने पाठवलेले नव्हते. १८५७ नंतरच्या दशकांत उत्तर प्रदेशातले मोमिन-अन्सारी विणकर इथे आणि मालेगावात येऊन वसले होते. नंतर तेलंगणातले पद्मशाली आले. गिरणीत लढून मिळवलेली आठ तासांची पाळी, प्रॉव्हिडंट फंड, युनियन यांतले फारसे काही शेडमध्ये आले नाही. माग थोडे थोडे करून वेगवेगळ्या नावांवर दाखवले की कारखाना कायदा लागत नाही. बारा तासांची पाळी, मजुरी विणलेल्या मीटरवर. वीज गेली तर सांचा बंद आणि मजुरीही बंद. मुंबईत कामगार हरला, त्याची किंमत भिवंडीच्या कामगारानेही मोजली. याला कुणी रोगाची लागण म्हणत असेल तर म्हणो. पण मग रोग मालकाच्या हिशेबवहीतून आला, मोहल्ल्यातून नाही.

आता दंग्यांचे बघू. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर भिवंडी पेटली. न्या. मादन आयोगाने त्याची चौकशी केली. मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली आणि या वेळी आग ठाणे, मुंबईपर्यंत गेली. म्हणजे उपनगरातून शहराकडे! 'मुंबई बिघडली, मग भिवंडी बिघडली' हा क्रम इथेच उलटतो.

आणि डिसेंबर १९९२-जानेवारी १९९३ मध्ये? मुंबईत श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसे मेली. भिवंडी शांत राहिली. मागच्या दोन दंगलींच्या जखमा असलेली, सगळ्यांनी आधीच बदनाम ठरवलेली भिवंडी. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी तिथे सुमारे ७० मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या होत्या. दोन्ही समाजांची साधी माणसे नियमित एकत्र बसत, पोलिसाला नावाने ओळखत, गटारापासून नवरा-बायकोच्या भांडणापर्यंत गाऱ्हाणी तिथेच निघत. त्यामुळे अफवा आली तेव्हा ती खरी की खोटी हे विचारायला माणूस होता. खोपडे यांच्या पुस्तकाचे नावच 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' असे आहे. माझ्या मते आपल्या शाळांत हे शिकवायला हवे. पण आपल्याला दंगलीचा इतिहास पाठ असतो, न झालेल्या दंगलीचा नाही.

मुंब्र्याची गोष्ट निराळी. तिथे १९९३ नंतर मुंबईतून मुसलमान कुटुंबे मोठ्या संख्येने आली. ती कुठला रोग घेऊन आली नव्हती, जीव वाचवून आली होती. जी जागा परवडली, जिथे घर नाकारले गेले नाही, तिथे राहिली. मागणी वाढली तशा परवानगीशिवाय इमारती उठल्या. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाट्याला बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ जण गेले. बिल्डरांबरोबर महापालिकेचे अधिकारीही अटकेत गेले. त्या इमारतीत मजूर आपल्या मुलाबाळांसह राहत होते. वरचे मजले चढतच होते.