बहिर्जी : बागलाणच्या गादीचं नाव

कळवणचा मुलूख पूर्वी बागलाणातच मोडत असे. गिरणेच्या उगमाकडच्या या डोंगरपट्ट्यावर राठोड कुळातल्या बागुल राजांची सत्ता होती आणि त्यांची गादी मुल्हेरला होती. या घराण्याची एक रीत मला फार विलक्षण वाटते. वारस गादीवर बसला की त्याचं पाळण्यातलं नाव मागे पडे आणि बाहेरच्या जगासाठी तो ‘बहिर्जी’ होई. बापही बहिर्जी, मुलगाही बहिर्जी.

जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात हे नोंदवून ठेवलं आहे. बागलाणच्या राजांना या नावाने ओळखतात आणि आताच्या राजाचं स्वतःचं नाव प्रताप आहे, असं तो सांगतो. हा प्रताप म्हणजे नारायणशाहाचा मुलगा प्रतापशाह. नारायणशाहाच्या दरबारात रुद्रकवीने 1596 मध्ये ‘राष्ट्रौढवंश महाकाव्य’ हे वीस सर्गांचं संस्कृत काव्य रचलं. त्यात बागुलांची वंशावळ येते आणि तिथे प्रत्येक राजाला त्याचं स्वतःचं नाव आहे. परक्या दरबारांनी किताब लक्षात ठेवला, माणसांची नावं घरच्या कवीने जपली. बागुलांविषयी आज जे काही सांगता येतं, त्यात रुद्रकवीचं हे ऋण मोठं आहे.

हा किताब मुळात एखाद्या पूर्वजाचंच नाव असावा, असं माझं मत आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशाह (1526–1537) याच्या काळातल्या बागलाणच्या राजाला मुसलमान इतिहासकार बहिर्जीच म्हणतात. रुद्रकवीच्या वंशावळीत त्याच सुमाराला भैरवसेन येतो. भैरवजी हे नाव फारसी लेखणीतून उतरताना बहिर्जी होणं अगदी स्वाभाविक आहे.

नावाचा किताब होणं जगाला नवं नाही. रोमच्या ज्युलियस सीझरचं कुलनाम पुढे पदवी झालं आणि 293 मध्ये डायोक्लेशियनच्या व्यवस्थेत ती धाकट्या, म्हणजे वारस ठरलेल्या सम्राटांना मिळू लागली. फ्रान्सची कथा तर बागलाणच्या आणखी जवळची आहे. बाराव्या शतकात आल्प्सच्या पायथ्याचा एक सरदार, चौथा गीग, ‘दोफां’ म्हणून ओळखला जाई. दोफां म्हणजे डॉल्फिन. त्याच्या वंशजांनी ते नाव किताब म्हणून चालवलं आणि त्यांच्या मुलखालाच दोफिने म्हणू लागले. 1349 मध्ये निपुत्रिक उंबेर दुसरा याने तो मुलूख फ्रान्सच्या राजघराण्याला दिला. तेव्हापासून फ्रान्सचा युवराज दोफां म्हणवू लागला. राज्य दुसऱ्याच्या हाती गेलं, पण नाव टिकलं.

बागलाणच्या वाट्याला ते भाग्य आलं नाही. शाहजहानच्या काळातल्या नोंदींत या राज्याचे नऊ किल्ले, 34 परगणे आणि 1001 गावं सांगितली आहेत. दख्खनचा सुभेदार असलेल्या तरुण औरंगजेबाने फौज पाठवून मुल्हेरला वेढा घातला. 1638 मध्ये बहिर्जीने शरणागती पत्करली. उरलेल्या किल्ल्यांच्या किल्ल्या घेऊन त्याची आई मोगलांकडे गेली. राज्याच्या बदल्यात त्याला खानदेशातला सुलतानपूर परगणा मिळाला. त्याच्या मृत्यूनंतर मुलगा बैरामशाह मुसलमान झाला आणि बादशहाने त्याला ‘दौलतमंदखान’ हा किताब दिला. पिढ्यान्‌पिढ्या वारसाला आपसूक मिळणारं बहिर्जी हे नाव त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. किल्ले जाण्यापेक्षाही मला हे अधिक जिव्हारी लागतं.

पुढे 1671 मध्ये याच बागलाणातला साल्हेर किल्ला मराठ्यांनी जिंकला आणि पुढच्या वर्षी त्याच्या पायथ्याच्या लढाईत मोगलांचा मोठा पराभव केला. मग 6 जून 1674 रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, त्या सोहळ्यात सतरा वर्षांच्या संभाजीराजांना युवराजपद मिळालं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या अठरा तीर्थांत, म्हणजे राज्याच्या मुख्य पदांत, मंत्री, पुरोहित आणि सेनापतीच्या पाठोपाठ युवराज येतो. रायगडाने वारसासाठी ते जुनं पद निवडलं, आणि ते देणारा कोणी बादशहा नव्हता.