परवाना मिळाला, पुढं काय?

साक्रीत बसून आपण रेडिओचा इतिहास बोलतोय, तर आधी एक साधा हिशोब करू. कम्युनिटी रेडिओला परवानगी 100 वॉट प्रभावी शक्तीची. सपाटीवर आवाज दहा-पंधरा किलोमीटर जातो. डोंगर आडवा आला की तेवढाही नाही. म्हणजे केंद्र साक्रीत काढलं, तर पिंपळनेरला ते लागेल याची खात्री नाही.

1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तरी 2002 मध्ये दार उघडलं ते शिक्षणसंस्थांपुरतं. सामाजिक संस्थांना 2006 पर्यंत थांबावं लागलं. म्हसवडचं 'माणदेशी तरंग' त्यानंतरचं.

दार उघडलं, पण पोटाचं काय? जाहिरात तासाला फक्त पाच मिनिटं. बाजारभाव सांगा, हवामान सांगा, पण स्वतःची बातमी द्यायची नाही. आमच्या मते खरी अडचण इथंच आहे. गावाला गावचीच बातमी हवी असते.

2012 मध्ये तर कमाल झाली. स्पेक्ट्रमचं वार्षिक शुल्क 19,700 वरून थेट 91,000 रुपये! ओरड झाली, वाढ मागे घेतली गेली. पण फरक बघा, 71,300 रुपये. महिन्याला सहा हजारांच्या आसपास. अहिराणीत बोलणाऱ्या एका निवेदिकेचं मानधन त्यात निघालं असतं.

2024 मध्ये जाहिरातीला तासाला बारा मिनिटं मिळाली. चांगलंच झालं. पण साक्रीच्या बाजारात ती भरणार कोण? खतवाले, बियाणेवाले हंगामापुरते येतील. वीजबिल मात्र बारा महिने येतं.